मुलाची सुंता : आईबापांनी काय जाणून घ्यावे?

काही प्रश्न असे असतात, की ते विचारायला माणसे दवाखान्यात सर्वांच्या शेवटी येतात. बाहेरचे बाक रिकामे होईपर्यंत थांबतात, आत आल्यावर दार नीट लोटून घेतात, आणि "डॉक्टर, जरा एक विचारायचं होतं..." एवढे बोलून गृहस्थ बायकोकडे पाहू लागतात. बाई जमिनीकडे पाहतात. मांडीवरचे बाळ मात्र दोघांकडे बघून खुशाल हसत असते. दुखणे असलेच तर त्याचे, संकोच सगळा आईबापांचा!

माझा दवाखाना भाईंदर पूर्वेला आहे. एके काळी इथे मिठागरे होती आणि गोडदेव, नवघर, खारीगाव अशी जुनी गावे होती. पुढे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आले, चाळी आल्या, मग चार मजली इमारती आणि आता तर मान दुखेपर्यंत वर बघावे लागेल असे टॉवर. एकाच जिन्यावर आगरी, मालवणी, गुजराती, भोजपुरी आणि कोकणी मुसलमान अशी कुटुंबे नांदतात. त्यामुळे सुंतेचा प्रश्न माझ्याकडे तीन दारांनी येतो. पहिल्या दाराने येणारे विचारतात, "मुलाची कातडी मागे जात नाही, ऑपरेशन करावे लागेल का?" दुसऱ्या दाराने येणाऱ्यांच्या घरी सुंता करायची हे ठरलेलेच असते, त्यांना 'कधी, कुठे आणि कोणाकडून' एवढेच हवे असते. आणि तिसरे दार अलीकडे उघडले आहे. ते अमेरिकेच्या बाजूला उघडते! त्याबद्दल पुढे सांगतो.

तिन्ही दारांनी येणाऱ्यांना सांगायची गोष्ट मुळात एकच आहे. लहान मुलाची पुढची कातडी घट्ट असणे हा रोग नव्हे. तिला जोर लावू नये, आणि कापायचीच असेल तर ती घाईने, लाजेने किंवा अजाण हाताने कापू नये.

निसर्गाचे वेळापत्रक

सुंता म्हणजे काय, हे आधी साध्या शब्दांत पाहू. शिश्नाच्या टोकावर, म्हणजे मण्यावर, कातडीची एक सैल टोपी असते. ती टोपी कापून काढणे म्हणजे सुंता. 'सुंता' हा आपला शब्द 'सुन्नत' या अरबी शब्दावरून आला.

आता आईबापांना सहसा कोणी न सांगितलेली गोष्ट. बाळ जन्मते तेव्हा ही टोपी आतून मण्याला चिकटलेली असते. नख जसे बोटाला धरून असते, तशीच म्हणा ना! ती सावकाश, आपली आपण सुटत जाते. कोणाची वर्षात सुटते, कोणाची शाळेत जाताना, तर कोणाची थेट मिसरूड फुटायच्या सुमारास. यात पुढे-मागे होणे म्हणजे दोष नव्हे. दात येण्यात नाही का कोणी सहाव्या महिन्याला तर कोणी वर्षाला!

ही केवळ माझी समजूत नाही. १९४९ साली डग्लस गेअर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याच विषयावर एक लेख लिहिला. नुकत्याच जन्मलेल्या मुलांपैकी जेमतेम ४ टक्के मुलांचीच कातडी पूर्ण मागे सरकते, असे त्याला आढळले. त्या काळी इंग्लंडात 'कातडी घट्ट आहे' एवढ्या कारणावरून सर्रास सुंता होत असे, आणि त्यापायी दर वर्षी सुमारे १६ लहान मुले दगावत होती, हेही त्याने दाखवून दिले. पुढे १९६८ साली याकोब ऑस्टर या डॅनिश डॉक्टरने शाळकरी मुलांना वर्षानुवर्षे तपासून आकडे प्रसिद्ध केले. सहा-सात वर्षांच्या मुलांत १०० पैकी ८ जणांची कातडी घट्ट होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत १०० पैकी फक्त एकाची. म्हणजे उरलेल्या सातांचे काम काळानेच केले होते. ना सुरी, ना टाका!

कातडीखाली पांढरे दाणे किंवा मोत्यासारख्या गुठळ्या दिसल्या की आया घाबरतात. "पू झालाय हो!" म्हणून धावत येतात. तो पू नसतो. कातडी सुटत असताना झडलेल्या पेशींचा तो साका असतो, आणि वाट मोकळी झाली की आपोआप बाहेर पडतो. लघवीच्या वेळी कातडी क्षणभर फुग्यासारखी फुगते, तेही मूल रडत नसेल, कुंथत नसेल आणि धार नीट येत असेल, तर बहुधा चिंतेचे नसते.

न्हाऊ घालणारीचा हात

मग बिघडते कुठे? पुष्कळदा आपल्याच न्हाणीघरात!

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालायला बाई येते. पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला पायांवर घेते, तेल जिरवते, हातपाय ओढून सरळ करते. या बायांच्या हातात माया असते, हे मी नाकारत नाही. पण पुष्कळ ठिकाणी त्यांची एक रीत असते: रोज अंघोळीच्या वेळी मुलाची पुढची कातडी जोराने मागे ओढायची आणि वर तेलाचे दोन थेंब सोडायचे. 'आत्ता मोकळी केली नाही तर पुढे संसारात अडेल,' अशी त्यामागची समजूत. बाळ किंचाळते. 'रडलं की फुप्फुसं मजबूत होतात,' अशी घरातल्यांची समजूत!

त्या ओढण्याने काय होते ते ऐका. चिकटलेली कातडी फाटते. बारीक भेगा पडतात, त्या भरताना तिथे वण धरतो, आणि वणाची कातडी ताणली जात नाही. जी कातडी चार वर्षांनी आपोआप सुटणार होती, ती आता खरोखरच आवळून बसते. म्हणजे जे ऑपरेशन टळावे म्हणून ओढाओढ केली, तेच ऑपरेशन आपण ओढवून घेतो. कधी कधी मागे ओढलेली कातडी पुढे येतच नाही, मण्यामागे अडकते, टोक सुजून निळसर पडते. असे झाले तर सकाळची वाट पाहू नये. तडक रुग्णालय गाठावे.

या विषयावर घरोघरच्या आजींशी माझे वाद झाले आहेत. नवघरच्या एक आजी मला म्हणाल्या, "माझी पाच पोरं अशीच वाढवली, कोणाला काय झालं?" मी म्हटले, "आजी, पाचांच्या नशिबाने काही झालं नाही. पण या नातवाला तुम्ही ओढलं नाहीत, तर काय बिघडेल तेवढं सांगा." आजींनी विचार केला. मग सुनेला म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात तर राहू दे." मोठ्या माणसांना कारण सांगितले की ती ऐकतात, आपण सांगतच नाही!

तेव्हा नियम साधा. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, पुसा, संपले. आत साबण घालू नका, काडी-कापूस फिरवू नका. मूल मोठे झाले आणि कातडी सहज मागे जाऊ लागली, की त्यालाच अंघोळीच्या वेळी हळूच मागे घेऊन पाण्याने धुवायला आणि धुतल्यावर आठवणीने पुढे आणायला शिकवा. दात घासायला शिकवतो, तसेच. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

सुश्रुतांपासून मलमापर्यंत

कातडीचा खरा आजार नसतोच, असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेत त्याचे 'निरुद्धप्रकश' असे नाव आहे, आणि मागे अडकलेल्या कातडीला 'परिवर्तिका' म्हटले आहे. गंमत अशी, की सुश्रुतांनी पहिला उपाय कापण्याचा सांगितलेला नाही. तूप लावलेली नळी घालून, दर तीन दिवसांनी थोडी जाड नळी वापरून वाट हळूहळू रुंद करायची, असे ते सांगतात. (वाचकांनी हा प्रयोग घरी करू नये, हे वेगळे सांगायला नको!) शस्त्र वापरायचेच झाले, तर खालची शिवण वाचवून वापरा, असे बजावतात. आधी धीर, मग शस्त्र, हा क्रम त्या जुन्या शल्यविशारदालाही ठाऊक होता.

आज नळीची जागा मलमाने घेतली आहे. कातडी त्रासदायक घट्ट असेल, तर स्टेरॉइडचे सौम्य मलम चार ते आठ आठवडे लावायला देतात, आणि बहुसंख्य मुलांचे काम त्यावरच भागते. मात्र औषधांच्या दुकानातून कोणतीही ट्यूब आणून लावू नका. कुठे, किती आणि किती दिवस लावायची, हे डॉक्टरांनीच सांगायला हवे.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे? लघवी थेंबथेंब होत असेल किंवा मूल कुंथत असेल; कातडी लाल होऊन सुजत असेल, पू येत असेल आणि असे वारंवार होत असेल; लघवीच्या जंतुसंसर्गाने पुन्हा पुन्हा ताप येत असेल; किंवा कातडीच्या तोंडाशी पांढरट, कडक कडे धरले असेल, तर. या शेवटच्या प्रकारात सुंता हाच सहसा खरा उपाय असतो, आणि तो टाळू नये. मग घर कोणत्याही धर्माचे असो. "आमच्यात हे करत नाहीत," असे म्हणून दुखणे अंगावर काढणारे आईबाप मी पाहिले आहेत. अहो, अपेंडिक्स काढताना जात विचारतो का आपण?

पण कारण नसताना केलेल्या घाईची किंमत काय असू शकते, याचे एक उदाहरण सगळ्या जगाला ठाऊक आहे. कॅनडातील विनिपेग शहरात १९६५ साली जुळे भाऊ जन्मले. दोघांनाही लघवीला त्रास होतो, म्हणून काही महिन्यांचे असताना सुंता करायचे ठरले. १९६६ साली त्यांतल्या एकावर, डेव्हिड राइमरवर, विजेने कातडी जाळण्याचे उपकरण वापरताना अपघात झाला आणि त्याचे शिश्नच नष्ट झाले. त्याच्या पुढच्या आयुष्याची परवड फार मोठी आहे. इथे एवढेच सांगतो, की अपघातामुळे दुसऱ्या भावाची सुंता रद्द केली, आणि त्याचा त्रास काही दिवसांनी आपोआप नाहीसा झाला!

असे अपघात फार विरळा. पण ज्या ऑपरेशनची गरज नाही, त्यातला विरळा अपघातसुद्धा महागच.

जिथे सुंता हा धर्म आहे

आता दुसऱ्या दाराने येणाऱ्यांकडे वळू. सुंता ही फार जुनी चाल आहे. इजिप्तमध्ये सक्कारा येथील एका थडग्याच्या भिंतीवर तिचे चित्र कोरलेले आहे, ते चार हजार वर्षांहून जुने. आणि दूर कशाला जायचे? आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल मंडळींची कथा घ्या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शतकानुशतके इतर यहुद्यांपासून तुटलेले असूनही, मराठी बोलणाऱ्या या लोकांनी शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे नियम आणि आठव्या दिवशी मुलाची सुंता या गोष्टी सोडल्या नाहीत. पुढे १७९६ साली त्यांच्यातल्याच सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. ठाण्याचे सिनेगॉग १८७९ चे. आज ही मंडळी थोडी उरली असली, तरी रीत चालू आहे.

यहुद्यांच्या शास्त्रात मला एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. बाळ आजारी असेल, कावीळ झालेले असेल, तर आठवा दिवस पाळायचा नाही. बरे होईपर्यंत थांबायचे. एवढेच नव्हे, एका आईचे दोन मुलगे सुंतेनंतर रक्तस्रावाने गेले असतील, तर तिसऱ्याची सुंता करू नये, असे दीड हजार वर्षांपूर्वीच्या तल्मूद ग्रंथात सांगितले आहे. रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया हा आजार आईकडून मुलग्यात येतो, हे विज्ञानाला पुढे कितीतरी शतकांनी कळले. धर्माज्ञा मोठी, पण मुलाचा जीव त्याहून मोठा, असा त्याचा अर्थ.

मुसलमान कुटुंबांत सुंतेला, म्हणजे खतन्याला, असा ठरावीक दिवस नाही. कोणी बारशाच्या वयात करतात, कोणी मूल पाच-सात वर्षांचे झाल्यावर, नवे कपडे घालून, नातेवाईक बोलावून. या सवलतीचा फायदा घ्या, असे मी सांगतो. मूल निरोगी असताना, सोयीचा दिवस बघून, रुग्णालयात करा. पूर्वी हे काम हज्जाम करीत. काही ठिकाणी अजूनही करतात. त्यांचा हात हलका असेलही, पण एकच वस्तरा अनेकांना वापरला तर कावीळ ब आणि एड्ससारखे रोग एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात. जखमेवर राख लावली तर धनुर्वाताचे भय.

एक रत्नागिरीकडचे गृहस्थ मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या वाडवडिलांचं असंच झालं. रुग्णालयात केलं तर ते सुन्नत राहील ना?" मी म्हटले, "तुमच्या मौलवींना विचारा." त्यांनी विचारले. पुढच्या आठवड्यात हसत आले नि म्हणाले, "मौलवीसाहेबांनी उलट मलाच झापलं! म्हणाले, मुलाला सांभाळणं हेही फर्जच आहे."

अमेरिकेकडचे दार

आता ते तिसरे दार. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला भाईंदरहून न्यू जर्सीला किंवा टेक्सासला जाणाऱ्या आज्या आता थोड्या नाहीत. मुलगा झाला की दुसऱ्याच दिवशी तिथल्या रुग्णालयात विचारतात, "सुंता करायची का?" आणि सहीसाठी कागद पुढे येतो. आई बाळंतीण, बाबांना झोप नाही, आजीला इंग्रजी अवघड. मग रात्री-अपरात्री मला फोन!

त्यांना मी सांगतो, की विचारले म्हणजे करायलाच हवे, असे नाही. अमेरिकेत ही विसाव्या शतकात पडलेली प्रथा आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली म्हटले, की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सर्व मुलांसाठी शिफारस करावी एवढे नाहीत. निर्णय आईबापांनी घ्यावा. कॅनडाच्या संघटनेने २०१५ साली सरसकट सुंतेची शिफारस करीत नाही, असे सांगितले.

फायदे मुळीच नाहीत का? आहेत. पहिल्या वर्षात मुलग्यांना होणारा लघवीचा जंतुसंसर्ग कमी होतो. पण निरोगी मुलांत तो मुळातच कमी. एका मुलाचा संसर्ग टाळायला शंभराहून जास्त मुलांची सुंता करावी लागते. दुसरा फायदा एड्ससंबंधीचा. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथे मोठ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगांत स्त्रीकडून पुरुषाला होणारा संसर्ग सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. त्यावरून २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने पूर्व व दक्षिण आफ्रिकेतल्या, जिथे हा रोग फार पसरला होता अशा देशांसाठी सुंतेची शिफारस केली. त्या देशांत भारत नाही. शिवाय तो प्रश्न वयात आल्यानंतरचा. पाळण्यातल्या बाळासाठी घाई करण्याचे कारण तो नव्हे. शिश्नाचा कर्करोगही सुंता केलेल्यांत कमी आढळतो, पण तो मुळात विरळा, आणि स्वच्छता राखणे व तंबाखूपासून दूर राहणे हे त्यावरचे उपाय कोणालाही करता येतात.

ठरलेच, तर

कारण आजाराचे असो की धर्माचे, सुंता करायचे ठरले तर पुढील गोष्टी नीट पाहा.

एक: आधी मुलाला डॉक्टरांकडून तपासून घ्या. लघवीचे छिद्र टोकावर नसून खालच्या बाजूला असेल, तर सुंता मुळीच करू नका. दर दोन-तीनशे मुलग्यांत एखादा असा असतो. ते छिद्र दुरुस्त करायला शल्यविशारदाला हीच कातडी लागते. ती फेकून दिली की दुरुस्ती अवघड होते.

दोन: घरात, विशेषतः आईच्या माहेरी, कोणाला जखम झाल्यावर रक्त थांबत नाही असे असेल, तर ते न विचारताही सांगा.

तीन: भूल कोणती देणार, हे विचारा. 'लहान बाळाला काय कळतंय,' हे खोटे आहे. बाळाला दुखते. तान्ह्या बाळाला जागेवरची भूल पुरते; मोठ्या मुलाला पूर्ण भूल लागते, आणि त्यासाठी भूलतज्ज्ञ व रुग्णालय हवे. लहान मुलांचे ऑपरेशन करणारा शल्यविशारद मिळाला तर उत्तम. परळचे वाडिया रुग्णालय १९२९ पासून केवळ मुलांसाठीच आहे. भाईंदरहून लांब पडते, पण गाठता येते.

चार: नंतरची काळजी. आठ-दहा दिवसांत जखम भरते. मध्यंतरी टोकावर पिवळसर साय दिसते, ती ओरबाडू नका. पट्टी चिकटली तर कोमट पाण्याने भिजवून सोडवा. सैल झबले किंवा लुंगी घाला. दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेले पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन देऊ नका. रक्त वाहत राहिले, बारा तासांत लघवी झाली नाही, ताप आला किंवा टोक काळे-निळे पडले, तर लगेच रुग्णालयात न्या.

पाच, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: मूल समजत्या वयाचे असेल तर त्याला खरे सांगा. 'चल, आइस्क्रीम खायला जाऊ,' म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर नेऊ नका. काय करणार, किती दुखेल, केव्हा बरे वाटेल, हे सांगितलेले मूल घाबरते, पण फसवलेले मूल विसरत नाही.

दिवाळी आली आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर मुलांना तेल लागेल, उटणे लागेल. नातवंडांना चोळूनमाखून न्हाऊ घाला, पाठीवर, पोटरीवर हवे तेवढे उटणे जिरवा. फक्त त्या एका जागी उटण्याचा खरखरीत हात नको, तेलाची धार नको आणि ओढाओढ तर नकोच नको. तिथे वरून दोन तांबे कोमट पाणी पुरे!